तिसऱ्या तासाची घंटा

"छत्तीस वर्षं कविता शिकवली. माझ्या वर्गात माशीसुद्धा जागेवरून उठत नसे!" निवृत्त ढेंगळे सरांनी समुपदेशक नेहेते मॅडमना छाती फुगवून सांगितलं. मॅडमच्या केंद्रात समोर एडीएचडीची, म्हणजे लक्ष आणि शरीर एका जागी न ठरणारी, पाच मुलं होती. मनातलं जे तोंडानं सांगत नाहीत ते कवितेत लिहितील, अशी मॅडमची आशा.

दहाव्या मिनिटाला दोघं टेबलाखाली होते, एकजण पंख्याशी बोलत होता आणि येरझाऱ्या घालताना खुद्द सरांनीच पाण्याचा जार लवंडला.

महिनाभर घरात गप्प असलेल्या सोळा वर्षांच्या इरावतीनं कागद पुढं सरकवला. 'आई विचारते, लक्ष कुठे असतं? लक्ष सगळीकडेच असतं गं आई, म्हणून तर दमते.'

सरांनी वाचलं आणि ते तिच्याशेजारी बसले. "अगं, मीही असाच. एका जागी बसवायचं नाही, म्हणून गुरुजी घंटा वाजवायला पाठवायचे. एकदा नदीवर पोहायची हुक्की आली, तिसऱ्याच तासाला सुटीची घंटा दिली. अख्खी शाळा घरी!"

"मग गुरुजींनी धुतलं असेल!" टेबलाखालून आवाज आला.

"कुठलं! तेही घरी गेले होते. दुसऱ्या दिवशी घंटेचा हातोडा परत माझ्याच हातात दिला." सरांनी इरावतीचा कागद तिला परत दिला. "मी मात्र जन्मभर पोरांना 'खाली बस' म्हणत राहिलो."

इरावती खळखळून हसली. कागद घेऊन बाहेर बसलेल्या आईकडे गेली. "वाच ना." आईनं वाचलं आणि तिला कुशीत ओढलं.

मुलं पांगल्यावर सरांनी शाळेतल्या सवयीनं दिवे घालवले, दाराला बाहेरून कडी घातली आणि गुणगुणत घरी गेले. नेहेते मॅडम आत होत्या.