मेरीबाईचा चौथा रकाना

सांगतो, पण तुम्ही विश्वास ठेवणार नाही. एका स्वल्पविरामानं माझी गेलेली बायको जिवंत केली.

आमच्या चर्चच्या सभासदांची कॉम्प्युटरवर एक फाईल आहे. एका ओळीत एक माणूस: नाव, गाव, जन्मतारीख, मृत्यूची तारीख, मध्ये स्वल्पविराम. माझी नात क्रिस्टीना हिचा प्रोग्राम ती ओळ स्वल्पविरामाशी तोडतो आणि त्या आठवड्यात वाढदिवस असून चौथा रकाना रिकामा दिसला, की ते नाव रविवारच्या वाढदिवसांत लिहितो. माझ्या मेरीच्या ओळीत एक स्वल्पविराम जास्तीचा पडला. तिची मृत्यूची तारीख पाचव्या रकान्यात सरकली आणि चौथा रिकामा राहिला.

आज पाळकांनी वाचलं, "मेरीबाई, वय एकाहत्तर." टाळ्या मी एकट्यानंच वाजवल्या.

उपासना संपल्यावर पाळक क्रिस्टीनाला म्हणाले, "बाळा, तुझा प्रोग्राम राहू दे. आपली वहीच बरी."

घरी येऊन ती लॅपटॉप उघडून माझ्यासमोर बसली. "आजोबा, माझा प्रोग्राम बरोबर हाय. हा स्वल्पविराम कुणी टाकला?"

"अगं, परवा तू लॅपटॉप ओट्यावर उघडा ठेवून पाणी भरायला गेलतीस ना? आपली तांबडी कोंबडी बटणांवरनं चालत गेली. मी डोळ्यांनी बघितलं."

तिनं लॅपटॉप मिटला.




"आजोबा, कोंबड्या हायत कुठं? आजी गेली त्याच आठवड्यात तुमीच सगळ्या वाटून टाकल्या."