मामाच्या घरचे पडदे

बोनकोड्याला मामाच्या घरी दोन दिवस पडदे बंद होते. एरवी गच्चीत भर उन्हात जवळ्याची बारीक मासळी वाळवत बसणारी निशामामी आता मे महिन्यात फुल बाह्या, हातमोजे आणि घरातसुद्धा काळा गॉगल घालून कोपऱ्यात बसलेली. मी जवळ गेले की मामा मधे यायचा, "मनू, तिला तरास नको देव." मामाचा राग अख्ख्या गल्लीला माहीत आहे. त्यात शाळेत पोलीस ताई नुकत्याच सांगून गेल्या होत्या, की घरातली बाई अंग झाकून बसायला लागली तर गप्प बसू नका. मग मी कशी गप्प बसणार?

मामा आत गेल्यावर मी म्हटलं, "मामी, वळ दाखव. घाबरू नको, मी आहे ना."

"मना मारायची हिंमत हाय का त्याची?" मामी हसली.

ते हसणंही मला खोटं वाटलं. मी तिचा हातमोजा ओढला आणि सरळ पडद्याला हात घातला. उन्हात तिच्या हातावर दिसली ती फक्त सुईची चिकटपट्टी.

मामा धावत आला. "अगं, कॅन्सरच्या गाठीसाठी धातूचा औषध टोचलाय तिला. उजेड परला का तो पेटतो. डॉक्टर उद्या फक्त गाठीवर उजेड टाकनार हाय. आंगावर ऊन परला तर कातरी भाजल तिची."

 

पडदा दांडीसकट माझ्या हातात आला होता, आणि मामा खिडकीत दोन्ही हात पसरून, मामीवर आपली सावली धरून उभा होता.