कोयत्याची मूठ

कोयत्याची मूठ तुटली म्हणून लंकाबाई पाथर्डीत बन्सीमिस्त्रींच्या दुकानात आली. उद्या सकाळी ऊसतोडीचा ट्रक निघणार होता. "माजा हात आता थरथरतो. तूच कात, मी सांगतो," म्हणत मिस्त्रींनी बाभळीचा वेडावाकडा तुकडा लाकूड कातायच्या जुन्या लेथवर चढवला. एकेकाळी त्यावर बैलगाडीच्या चाकांच्या मधोमध बसणारे लाकडी तुंबे कातले जायचे. मशीन दोन बैलांएवढं लांब होतं. पट्टा फटफटला, पायाखालची जमीन हादरली आणि गरगरत्या तुकड्याचे कोपरे दिसेनासे झाले. लंकाबाईने पटाशी घेतली आणि सवयीने घाव घातला. खाडकन हात खांद्यापर्यंत झिणझिणला. "ऊस न्हाई त्यो," मिस्त्री म्हणाले. "मारू नको. पटाशी म्होरच्या लोखंडी पट्टीवर टेकव आन् उभी ऱ्हा. लाकूड आपसूक येतंय." तिने श्वास धरून पटाशी टेकवली. लाकडाची लांब फीत सुटून मनगटावरून पायाशी पडली, मग दुसरी, मग मोजताच येईनात. वीस हंगाम ती हात उगारून तोडत आली होती आणि तोडलेलं सगळं मोळ्या बांधून ट्रकात गेलं होतं. इथं हात जागचा हलत नव्हता आणि डोळ्यांदेखत लाकूड गोल होत होतं. मशीन थांबलं. मूठ कोमट होती. तिने ती गालाला लावून पाहिली. "आण कोयता, बशिवतो," मिस्त्री म्हणाले. लंकाबाईचं लक्ष कोपऱ्यातल्या लाकडांच्या ढिगाकडे होतं. "कोयत्याचं ऱ्हाऊ द्या, मिस्त्री," ती म्हणाली. "आधी आजून येक लाकूड चढवा."