नावावरचं टिंब

चौथ्यांदा सॉफ्टवेअरचं कंपाइल त्याच ओळीवर अडलं आणि नुरजाननं कीबोर्ड लोटून दिला. तिला शिसारी आली होती. अकरा साधनं उतरवून घ्या, हीच आवृत्ती घ्या, ती नको. तीन दिवस राबून पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

शेजारी फिक्रेत, तिचा मानलेला दादा, ‘आबी’, चहाचा ग्लास धरून बसला होता. जन्मांध. तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरच्या नगरपालिकेत बावीस वर्षं तो पाण्याच्या तक्रारी टाइप करून घ्यायचा. मग मशीन ती तक्रार मोठ्यानं वाचायचं आणि माणूस हो म्हणायचा. वाचणारं सॉफ्टवेअर फुकटचं, सर्वांना खुलं. पण तुर्कीत आय हे अक्षर दोन तऱ्हेचं, एक टिंबाचा, ‘इ’ म्हणायचा, एक बिनटिंबाचा, ‘अ’सारखा, आणि नवी आवृत्ती दोन्हींवर टिंब देऊनच वाचत होती. ‘वैतागले’ या शब्दावर टिंब पडलं की त्याची गलिच्छ शिवी होते. तक्रार करणारा माणूस तर वैतागलेलाच असतो. रांगेतल्या बाया तोंड फिरवायच्या, बाप्ये खिदळायचे. फिक्रेतनं राजीनामा लिहून ठेवला होता.

नुरजाननं दुरुस्तीचा पाच ओळींचा पॅच लिहिला. सॉफ्टवेअर सांभाळणारा एम. बास्किन सातासमुद्रापलीकडून म्हणाला, ‘आधी स्वतः कंपाइल करून दाखवा.’ आणि कंपाइलही त्याच मेल्या अक्षराला अडखळत होतं. तिनं तसं कळवलं. उत्तर आलं, ‘मशीनची भाषा इंग्रजी करा.’

केली. सगळं बिनबोभाट पार पडलं. पण इंग्रजीत मूळ दोषही दिसेना. बास्किनचं पत्र आलं आणि फिक्रेतच्या मशीननं ते वाचलं. ‘दोष आढळत नाही. तुमच्या मित्रालाही इंग्रजीच वापरायला सांगा. प्रकरण बंद. बास्किन.’

“थुंकावंसं वाटतं, फिक्रेत आबी. त्या अमेरिकनाला काय कळणार टिंबाचं दुखणं?”

“अमेरिकन कुठला? बास्कन ना तो?”

“बास्किन. टिंब आहे, मला दिसतंय ना.”

“मशीन सगळ्यांवरच टिंब देतं, पोरी. मी ते मनात खोडूनच ऐकतो. बास्कन आडनावाची तीन घरं आहेत आमच्या गल्लीत.”

नुरजाननं पडद्याकडे पाहिलं आणि तिला नव्यानं किळस आली. आपल्याच बापाच्या नावावर टिंब देऊन बसलेला माणूस. तिनं पॅच घातलेली प्रत फिक्रेतच्या मशीनवर चढवली, भाषा पुन्हा तुर्की केली आणि बास्किनला तुर्कीतच लिहिलं, ‘बास्कन आबी, एकदा आपल्या भाषेत चालवून बघा.’

 तिसऱ्या दिवशी उत्तर आलं.

‘कृपया इंग्रजीत लिहा,’ मशीन वाचू लागलं. नुरजाननं दात खाल्ले. ‘पॅच घेतला आहे.’ मग सही आली, ‘बास्कन.’

या वेळी फिक्रेतला मनात काही खोडावं लागलं नाही.