टायरांतलं पाणी

वाटणीत विहीर थोरल्याकडे गेली, द्राक्षबागेतला छोटा ट्रॅक्टर धाकट्याकडे. दुसऱ्या दिवशी थोरला बांधावर येऊन म्हणाला, "ट्रॅक्टर तुझा. पण मागच्या टायरांत वजनासाठी भरलंय ते पाणी माझ्या विहिरीचं आहे."

धाकट्यानं टायरांतलं पाणी बादल्यांत काढलं आणि भावादेखत विहिरीत ओतलं. टायरांत नुसती हवा भरली.

हलका झालेला ट्रॅक्टर चढावर जागच्या जागी चाकं फिरवू लागला. एकदा तर धाकट्यासकट मागे घसरत बांधाला येऊन टेकला. थोरला पलीकडून बघत होता. तो उठला आणि विहिरीवरचा पाइप ओढत आला.

"टायर भरून घे," तो म्हणाला. "तुझं पाणी तुझ्याकडेच ठेव. तुझ्या वहिनीच्या चहाला रबराचा वास येतोय."