पोट ठणठणीत आहे

शिकवणीतली मुलं मला हसवायची आणि हसलं की माझी लघवी गळायची. खुर्चीवर टॉवेल घालून काही दिवस रेटले, मग शिकवणीच बंद केली. मुलं रोज दारात येऊन विचारायची, "बाई, शिकवणी कधी?" शेवटी लेकाला घेऊन दवाखाना गाठला. नोंदणीच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "आजींना काय त्रास होतोय?" लेक घाईघाईने म्हणाला, "पोट दुखतंय." त्यांनी पोटाच्या डॉक्टरांची खोली दाखवली. मी जागची हलले नाही. "पोट ठणठणीत आहे माझं. खरं सांग त्यांना." "आई, हळू! लोक ऐकताहेत." "ऐकू देत. तू दुसरीत जाईपर्यंत अंथरूण ओलं करायचास. तेव्हा मी डॉक्टरांना सर्दी सांगितली होती का?" रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. लेक खिडकीत वाकून पुटपुटला, "आईची लघवी गळते." "मोठ्याने," मी म्हणाले, "मागच्या बाकापर्यंत ऐकू आलं पाहिजे."