चॅटचा डबा

लेकीने माझा नंबर ब्लॉक केला, दारही उघडेना, तेव्हा झक मारत तिचा तो गोळीबाराचा गेम शिकलो. 'टकलूकाका' या नावाने तिच्याच टीममध्ये घुसलो आणि रोज मरत मरत बोलायचा धीर गोळा करत राहिलो.

आज तीच वैतागली, "हा चॅटचा डबा सारखा मधे येतो, समोरचं काही दिसत नाही! कसा घालवायचा, कुणीतरी सांगा हो!"

लेक अडलीय म्हटल्यावर मला कुठलं राहवतंय? एकेक पायरी लिहून दिली.

"थँक्यू टकलूकाका! अगदी देवासारखे भेटलात!"

किती दिवसांनी तिचा गोड शब्द! तेवढ्यानेच धीर आला आणि लिहून टाकलं, "बाळा, मी बाबा."



खाली उमटलं, "या खेळाडूने चॅट बंद केलं आहे."